चौथा कोपरा

एखादी तसबीर घरच्या घरी चौकटीत बसवायला घेतली की तीन कोपरे निमूटपणे जुळतात आणि चौथा दगा देतो. पट्ट्या मोजून घेतलेल्या असतात, पंचेचाळीस अंशांच्या खुणा जपून केलेल्या असतात, करवतही नवीकोरी असते. तरी चौथ्या कोपऱ्यात फट राहतेच. ती दाबून बंद करायला जावे, तर समोरचा कोपरा उघडतो.

हिशेब मांडला की या फटीचा उगम कळतो. चौकटीला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन टोके, म्हणजे एकूण आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला फक्त अर्ध्या अंशाने चुकला, तर एका कोपऱ्यात एक अंश आणि चारही कोपरे मिळून चार अंश कमी पडतात. पट्टी पाच सेंटीमीटर रुंद असेल, तर तिरक्या कापाची लांबी सात सेंटीमीटरच्या आसपास भरते. तेवढ्या लांबीवर चार अंश म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटरची फट. पहिले तीन कोपरे घट्ट दाबून जुळवले, की आठही कापांची चूक चौथ्या कोपऱ्यात येऊन साठते.

अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही. पाच सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. करवतीने दर वेळी याहून नेमका काप घ्यायचा, तर वर्षानुवर्षांचा हात हवा. म्हणून जुन्या कारागिरांनी काम दोन टप्प्यांत वाटले. करवतीने लाकूड खुणेपेक्षा किंचित लांब कापायचे आणि उरलेला केसभर भाग रंध्याने, एकेक पापुद्रा काढत, खुणेपर्यंत आणायचा. रंधा हातात डुगडुगू नये म्हणून त्याला एक ठरलेली वाट करून द्यायची. ही वाट करून देणाऱ्या फळीला इंग्रजीत शूटिंग बोर्ड म्हणतात. फळीची कड रंध्याने सरळ करण्याला इंग्रज सुतारांच्या बोलीत ‘शूट करणे’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. दिसायला ही वस्तू आपल्या बसायच्या पाटासारखी असते, म्हणून इथे तिला पाटच म्हणू.

पाटाची रचना एका वाक्यात सांगता येते. खाली एक रुंद फळी, तिच्यावर एका बाजूला सरकवून बसवलेली दुसरी अरुंद फळी आणि त्या वरच्या फळीवर काटकोनात ठोकलेली एक आडवी पट्टी. दोन फळ्यांच्या रुंदीतल्या फरकामुळे उजवीकडे एक पायरी तयार होते. रंधा त्या पायरीवर कुशीवर झोपवतात, म्हणजे त्याचा तळ उभा राहतो आणि पाते बाजूला तोंड करते. लाकडाचा तुकडा वरच्या फळीवर ठेवून आडव्या पट्टीला टेकवतात आणि त्याचे टोक पायरीच्या कडेपर्यंत आणतात. मग डाव्या हाताने तुकडा धरायचा आणि उजव्या हाताने रंधा पुढे ढकलायचा. पट्टी काटकोनात असेल, तर टोकही काटकोनात येते. कोन एकदाच, पट्टी बसवताना, साधावा लागतो. त्यानंतर त्या पाटावर शंभर तुकडे घासले, तरी शंभरांना तोच कोन मिळतो.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक शंका हमखास येते. रंधा पाटाच्या कडेला घासून जातो आणि पाते तर बाहेर डोकावत असते. मग पाते पाटालाच कापत कसे नाही?

उत्तर रंध्याच्या तळाशी आहे. स्टॅन्ले कंपनीच्या पाच नंबरच्या रंध्याचा तळ सुमारे ६४ मिलिमीटर रुंद असतो आणि पाते ५१ मिलिमीटर रुंद. पाते तळाच्या मधोमध असल्याने दोन्ही बाजूंना साधारण सहा-सहा मिलिमीटर सपाट तळ उरतो. रंधा कुशीवर झोपवला की खालचे सहा मिलिमीटर धारेविना राहतात. वरची फळी बारा मिलिमीटर जाडीची असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत पाते तिच्या कडेचा वरचा अर्धा भाग खरोखरच छिलते. पण ते पातळ पापुद्र्यापुरतेच. खालचे सहा मिलिमीटर अखंड राहतात, रंध्याचा तळ त्यांवर टेकून सरकतो आणि पाते त्यापलीकडे जाऊच शकत नाही. तळाची ही कोरी पट्टी रेल्वेच्या रुळासारखी काम करते. पाटाची कड आपोआप नेमक्या पात्याच्या रेषेत येते आणि पुढे तशीच राहते.

रंधा हे हत्यार फार जुने आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत. लाकडी घडण, खाली लोखंडी तळ आणि पाचरीने आवळलेले पाते. त्याच्याही कितीतरी आधी इजिप्तच्या सुतारांकडे काटकोन तपासायचे गुण्ये होते. रंधा मात्र त्यांच्याकडे असल्याचा पुरावा मिळत नाही. ते वाकसाने तासून आणि दगडाने घासून लाकूड गुळगुळीत करत. आज सुतारांच्या हाती दिसणारा लोखंडी रंधा अमेरिकेत घडला. लिओनार्ड बेली या कारागिराने १८६०च्या दशकात पाते खालीवर करण्याच्या स्क्रूच्या युक्त्यांची पेटंटे घेतली आणि १८६९ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ले कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कंपनीने खास या कामासाठी ओतीव लोखंडाचा पाट आणि त्यातल्या खाचेतून धावणारा तिरक्या पात्याचा रंधा बाजारात आणला. रंध्याचा नंबर ५१, पाटाचा ५२. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचे उत्पादन थांबले, पण घराघरांत आणि शाळांच्या कार्यशाळांत लाकडी पाट चालूच राहिले, कारण ते कोणालाही एका दुपारी बनवता येतात.

लाकडाच्या टोकावर रंधा मारणे वेगळे का पडते, हे समजायला उसाची मोळी डोळ्यांपुढे आणावी. झाडाचे खोड म्हणजे लांबच लांब तंतूंची मोळीच असते. फळीच्या अंगावरून, तंतूंच्या दिशेने रंधा नेला, तर पाते मोळीतल्या उसांची साल काढल्यासारखे सरकते आणि लांब वेटोळा कीस निघतो. टोकावर मात्र प्रत्येक ऊस आडवा कापावा लागतो. जोर जास्त लागतो आणि धार जराही बसलेली असेल, तर तंतू कापले न जाता वाकतात, चुरडतात.

दुसरा धोका मोळीच्या शेवटच्या ओळीला असतो. पुढच्या तंतूंना मागच्यांचा आधार असतो. शेवटच्या ओळीच्या पाठीशी कोणीच नसते. पाते तिथे पोहोचले की ते तंतू कापले जाण्याऐवजी मोडून बाहेर फेकले जातात आणि फळीच्या कडेचा टवका उडतो. पाटावरची आडवी पट्टी इथे दुसरे काम करते. तिचे टोक पाटाच्या कडेशी तंतोतंत जुळलेले असल्याने शेवटच्या तंतूंना पाठीमागून टेकू मिळतो. तरी काळजी म्हणून जाणते कारागीर खुणेची रेघ पेन्सिलीऐवजी सुरीने चारही बाजूंनी ओढतात आणि शेवटचा कोपरा खुणेपर्यंत पटाशीने किंचित तिरका मारून घेतात. सुरीने तंतू आधीच तोडलेले असतात, त्यामुळे टवका उडालाच तरी तो रेघेपाशी थांबतो.

पात्याचा कोनही महत्त्वाचा. नेहमीच्या रंध्यात पाते ४५ अंशांनी तिरके बसवलेले असते. टोकाच्या कामासाठी वेगळे रंधेही मिळतात. त्यांत पाते फक्त १२ अंशांवर, धारेचा उतार वर करून बसवतात. उतार २५ अंशांचा असला, तर लाकडाला भिडणारा कोन ३७ अंशांचा होतो. आठ अंशांचा हा फरक कडक लाकडात हाताला लगेच जाणवतो. पण साधा रंधा असला म्हणून काम अडत नाही. दगडावर नीट घासून उगाळलेली धार असेल, तर ४५ अंशांचा रंधाही टोकावरून स्वच्छ कीस काढतो. धार गेलेली असेल, तर महागड्या रंध्याचाही उपयोग नाही.

सागवानावर काम करणाऱ्याला तर ही गोष्ट सारखी आठवते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले साग बांधकामासाठी नावाजलेले. हे लाकूड हवेतल्या दमटपणाने फार फुगत-आकसत नाही, तेलकट असल्याने वाळवीला दाद देत नाही. पण त्याच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूतलाच घटक, साठलेली असते. म्हणून ते छिलताना गुळगुळीत लागले, तरी धार लवकर खाते. सागाची टोके सरळ करायची असतील, तर दगड हाताशीच ठेवावा आणि पाते थकल्यासारखे वाटले की लगेच त्यावर फिरवावे. धार ओळखायला पाटाजवळ पडलेला कचरा पाहणे पुरेसे असते. अखंड पापुद्रे पडत असतील तर धार ठीक; नुसता भुगा पडत असेल तर पाते काढून दगडावर घ्यायची वेळ झाली.

पाट बनवायला फार काही लागत नाही. अठरा मिलिमीटर जाडीचा, पन्नास बाय तीस सेंटीमीटरचा सपाट प्लायवुड तळाला. त्यावर बारा मिलिमीटरचा, तेवढ्याच लांबीचा पण वीस सेंटीमीटर रुंदीचा तुकडा, म्हणजे रंध्याला दहा सेंटीमीटरची वाट उरते. दोन्ही फळ्यांच्या सांध्याशी, वरच्या फळीच्या खालच्या कडेला, बारीक खोबणी ठेवली तर भुगा तिच्यात पडतो आणि रंध्याच्या आड येत नाही. तळाखाली पुढच्या कडेला एक दांडी ठोकली की पाट टेबलाच्या कडेला अडकतो. जमिनीवर बसून काम करणाऱ्याने पाट भिंतीला टेकवला तरी चालते. भरीव लाकडाची रुंद फळी या कामाला टाळावी, कारण ती ऋतूनुसार वाकते. प्लायवुडमध्ये एकाआड एक थरांचे तंतू आडवे-उभे असल्याने ते बरेचसे सपाट राहते.

जपून करायचे काम एकच, ते म्हणजे आडवी पट्टी बसवणे. पट्टीच्या रंध्याकडच्या टोकाला आधी एकच स्क्रू घट्ट आवळायचा. दुसऱ्या टोकाचे भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवायचे, म्हणजे पट्टी केसभर मागेपुढे फिरवता येते. मग कोन साधायचा.

कोन साधायला अनेकांना तीन-चार-पाचचे माप आठवते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४ अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. दोरीने अंगण किंवा घराचा पाया आखायला ही रीत उत्तम. गवंडी आजही ती वापरतात. पण पाटासारख्या लहान वस्तूवर ती कमी पडते. पंधरा आणि वीस सेंटीमीटरच्या बाजू घेतल्या आणि पंचवीस सेंटीमीटरचा कर्ण मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर कोन जवळजवळ पाव अंशाने बिघडतो. दहा सेंटीमीटर रुंदीच्या फळीवर ती चूक ०.४ मिलिमीटर भरते आणि सांध्यात ती दिसते. अंगणात बाजू मीटरमध्ये असतात, म्हणून तिथे अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही.

लहान कामात खरी परीक्षा पालटून करायची. दोन्ही कडा समांतर असलेली, आठ-दहा सेंटीमीटर रुंदीची एक फळी घ्यायची आणि मधोमध कापायची. दोन्ही तुकड्यांची कापलेली टोके पाटावर रंध्याने सरळ करायची. मग एक तुकडा उलटा करून दोन्ही टोके समोरासमोर भिडवायची आणि दोघांच्या कडा एका सरळ पट्टीला टेकवायच्या. टोके काटकोनात असतील, तर सांधा टोकापासून टोकापर्यंत बंद होतो. चूक असेल, तर एका बाजूला पाचरीसारखा उजेड दिसतो आणि तो खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. उलटल्यामुळे दोन्ही तुकड्यांच्या चुका एकमेकींत मिळतात. जी चूक एरवी दिसली नसती, ती दुप्पट होऊन डोळ्यांपुढे येते. उजेड दिसला की पट्टीचा मोकळा भाग किंचित सरकवायचा आणि परीक्षा पुन्हा घ्यायची. वीस सेंटीमीटर लांबीच्या पट्टीच्या दूरच्या टोकाशी साध्या कागदाचा एक पदर, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, सरकवला तरी कोन अंशाच्या तीन शतांश भागाने बदलतो. एवढे बारीक समायोजन फक्त कागदाने होते. सांधा पूर्ण बंद झाला की उरलेले स्क्रू आवळायचे.

आता प्रत्यक्ष काम. रंध्याच्या कुशीवर आणि वाटेवर मेणबत्ती एकदा घासली की रंधा पाण्यावरून गेल्यासारखा सरकतो. पाते अगदी थोडे बाहेर काढलेले, पापुद्रा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. लाकूड फार कडक असेल, तर टोकाला स्पिरिटचे किंवा पाण्याचे बोट फिरवले की तंतू मऊ पडतात. पहिल्या फेऱ्यांत पाते फक्त उंच कोपऱ्याला लागते आणि आवाज तुटक येतो. करवतीचे ओरखडे एका बाजूने पुसले जाऊ लागतात. तुकडा दर फेरीला डाव्या हाताने रंध्याकडे थोडासा ढकलत राहायचे. हळूहळू पापुद्रा रुंद होतो, आवाज सलग होतो आणि एका फेरीत या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच अखंड पापुद्रा उतरतो. तिथे थांबायचे. टोकाकडे पाहिले तर करवतीचा खरबरीत पांढुरका पोत गेलेला असतो. त्याच्या जागी सागाची वर्षवलये दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला सुईच्या टोकासारख्या छिद्रांची रांग. अंगठा फिरवला तर टोक कापलेले वाटत नाही, उगाळलेले वाटते. नवशिक्याने एवढे मात्र लक्षात ठेवावे, की या कामात पाते बाजूला उघडे असते. तुकडा धरणारा डावा हात नेहमी पायरीच्या कडेपासून मागेच राहिला पाहिजे.

हाच पाट थोडा बदलला की बाकीचे कोनही जमतात. काटकोनी पट्टीऐवजी ४५ अंशांचा त्रिकोण बसवला, की तसबिरीच्या चौकटीची आठही टोके एकसारखी येतात. उंच, पातळ फळ्या जाडीतून तिरक्या कापायच्या असतील, तर फळी कलती ठेवणारा वेगळा पाट लागतो. इंग्रज सुतारांनी त्याला ‘गाढवाचा कान’ असे नाव दिले. छापखान्यांतही धातूच्या छपाई-पत्र्यांच्या कडा अशाच पाटावर रंध्याने सरळ करत.

सर्वांत नाजूक काम गिटार बनवणाऱ्यांचे. गिटारचा वरचा पडदा स्प्रूसच्या एकाच लाकडाचे दोन पातळ काप करून, पुस्तक उघडल्यासारखे समोरासमोर मांडून जोडतात. अर्ध्या मीटर लांबीचा हा सांधा जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड असतो आणि पुढे अनेक वर्षे तारांचा ताण त्याच पडद्याने सोसायचा असतो. कारागीर दोन्ही तुकड्यांच्या कडा पाटावर सरळ करतो, पण एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा ठेवून. रंध्याचे पाते तळाशी किंचित तिरके असेल, तर एका कडेला जितका उतार येतो तितकाच उलट उतार दुसरीला येतो आणि जोडल्यावर दोन्ही मिळून पडदा सपाट राहतो. मग दोन्ही कडा भिडवून तो खिडकीसमोर धरतो. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली, तर पुन्हा पाटावर. काहीच दिसले नाही, की मगच सरस लावायचा.

हे सगळे ज्या गुण्याच्या भरवशावर उभे असते, तो गुण्याही तपासून घ्यायला हवा. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून सुरीने एक रेघ ओढावी, गुण्या पालटून त्याच जागी दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर फाकलेल्या अंतराच्या निम्मी चूक त्याच्यात आहे. दोन मिनिटांचे हे काम पाट बनवायला घेण्याआधी करावे. पाट बनल्यावर त्याची पालटून परीक्षा पावसाळा लागला की एकदा आणि दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की एकदा घ्यावी. हवेचा दमटपणा वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा आडवी पट्टीही आपल्या जागेवरून केसभर हललेली असू शकते.